लोकरीचा रोजमेळ

आपल्या व्यापारी घरांत वर्ष नेमके कधी सुरू होते, असे कोणी विचारले तर एका वाक्यात उत्तर देता यायचे नाही. चैत्रात गुढी उभारतो तेव्हा एक वर्ष सुरू होते. दिवाळीत वहीपूजन करून कोऱ्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतो तेव्हा दुसरे. एक एप्रिलला तिसरे, आणि नातवंडांच्या हिशेबाने एक जानेवारीला चौथे. बँकेतल्या माणसाला मात्र वर्ष एकच असते, मार्चअखेरचे. १९८४ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक म्हणून रुजू झाले आणि २०२० मध्ये अधिकारी म्हणून निवृत्त झाले. या ३६ वर्षांत माझे ऋतूसुद्धा तिमाहीने बदलत असत. पळस फुलतो फाल्गुनात. पण फाल्गुन म्हणजे मार्च आणि मार्च म्हणजे ताळेबंद. त्यामुळे फुललेला पळस मी पाहिला तो बहुतेक वेळा नाशिकरोड ते लासलगाव या रेल्वेप्रवासात, खिडकीतून, आणि तोही हातातल्या सुयांवरून नजर उचलली तरच.

सुया मात्र कायम हातात असत. रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्या आम्ही पाच-सहाजणी डब्यात विणकाम करीत असू. कोणाच्या बहिणीच्या बाळाचे टोपडे, कोणाच्या दिराचा बिनबाह्यांचा स्वेटर. निफाड येईपर्यंत चार ओळी, लासलगाव येईपर्यंत सहा. शाखेत पाऊल टाकले की पिशवीतले रंग पिशवीत राहत आणि डोळ्यांपुढे तीनच रंग उरत: नोंदींची निळी शाई, खात्यावरची उचल दाखवणारी लाल आणि तपासनिसाची हिरवी. संगणक आले तेव्हा हे तीनही गेले.

निवृत्तीनंतर घरातली लोकर एकदा पलंगावर ओतली. उरलेले गुंडे, अर्धवट लडी, एका बाहीपुरती राहिलेली राणी रंगाची, कोणा भाचीच्या लग्नात अहेरी आलेली. एकेका रंगातून स्वेटर होईल एवढी लोकर कशातच नव्हती, आणि टाकून देण्याचा प्रश्न आपल्या घरांत उद्भवत नाही. तेव्हा सूनबाईने मोबाईलवर एक चित्र दाखवले. थंड देशांतले हौशी विणकर वर्षाच्या आरंभी तापमानाचे टप्पे पाडतात, प्रत्येक टप्प्याला एक रंग नेमतात आणि रोज त्या दिवसाच्या तापमानाप्रमाणे एकच ओळ विणतात. वर्ष संपले की अंगावर पांघरायला ते वर्षच मिळते. "मम्मी, तुम्हाला हे जमेल," ती म्हणाली. "रोजची नोंद ठेवायची सवय आहेच."

कल्पना आवडली, परंतु तापमान हे माप मला पटले नाही. आमच्या नाशिकचा पारा वर्षातले कितीतरी महिने जवळजवळ एकाच टप्प्यात घुटमळतो. शाल तीन-चार रंगांत आटोपली असती. शिवाय पाऱ्याला पळस कळत नाही. म्हणून मी माझा नियम वेगळा केला. दिवसभरात बाहेरच्या सृष्टीत जो रंग सर्वांत ठळकपणे नजरेत भरेल, त्या रंगाची ओळ. दुसरा नियम असा की रंग आठवणीने ठरवायचा नाही. पान, फूल, माती, काय असेल ते सूर्यास्तापूर्वी उजेडात लोकरीशेजारी धरायचे, आणि ते आणता येण्यासारखे नसेल, म्हणजे आकाश किंवा डोंगर, तर लोकरच गच्चीवर न्यायची. आमच्या गच्चीवरून म्हसरूळजवळच्या गजपंथाची टेकडी दिसते, ती या कामी फार उपयोगी पडली. तिसरा नियम उसवायचे नाही, हा. रोजमेळात खाडाखोड चालत नाही.

आरंभ अर्थातच पाडव्याला, बलिप्रतिपदेला केला. २ नोव्हेंबर २०२४ ते पुढच्या लक्ष्मीपूजनाचा दिवस, म्हणजे २१ ऑक्टोबर २०२५, असे दिवस मोजले तर ३५४ भरले. चांद्रवर्षाचे दिवस इतकेच असतात हे पंचांगात वाचले होते. सुईवर मोजल्यावर ते खरे वाटले. ८ नंबरच्या सुया, १८० टाके, सुमारे ८२ सेंटिमीटर रुंदी. एका ओळीला रुंदीच्या साधारण तिप्पट लोकर लागते, तेव्हा सगळी शाल अर्ध्या किलोच्या आत बसली. दोन सुयांवर विणताना एक ओळ सुलट बाजूने होते आणि पुढची उलट बाजूने. रोज एकच ओळ विणायची म्हटल्यावर माझे दिवसही आपोआप तसेच वाटले गेले, एक सुलट, एक उलट. रोज रंग बदलायचा म्हणजे रोज दोन टोके सुटी राहणार; वर्षाची ७०८. एवढी टोके सुईने आत ओवत बसण्यापेक्षा दोन्ही कडांना ती वीतभर लांब सोडून त्यांचीच झालर करावी, ही युक्ती शेजारच्या काकूंची.

लोकर म्हटली की आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न येणार, म्हणून त्याचे इथेच सांगते. रेशमाच्या बाबतीत अनेक घरांत नियम असतो आणि त्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. लोकरीचे तसे नाही. मेंढी भादरली तरी जगते. श्वेतांबर साधु-साध्वींच्या हातातला ओघा लोकरीचाच असतो आणि सामायिकाचे कटासणेही. मूर्तिपूजक परंपरेत लोकरीचा ऋतूंशी संबंध तर घटिका मोजून लावलेला आहे. सकाळ-संध्याकाळच्या ज्या वेळात महाराजसाहेब कामळी ओढून बाहेर पडतात, तो कामळीचा काळ चातुर्मासात सहा घटिका, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात दोन असतो. एक घटिका २४ मिनिटांची. थंडीपेक्षा पावसाळ्यात तो अधिक, कारण तिथे विचार आपल्या गारठ्याचा नसून सूक्ष्म जलजीवांचा आहे. आता माझे म्हणाल तर दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ते बहुतांशी ॲक्रिलिक असते, मेंढीशी त्याचा संबंध नसतो. आणि धुताना त्याचे अतिसूक्ष्म तंतू पाण्यात जातात हेही तितकेच खरे. नवे घ्यायचे तर मी खरी लोकर घेते. घरात पडून असलेले आधी संपवते. आणि कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्यांऐवजी वाळवलेला कडुलिंब घालते. एक गंमत जाता जाता: लुधियानाहून येणाऱ्या वर्धमान आणि ओसवाल या लोकरींच्या नावांमुळे आमच्या सासूबाई गुंड्यावरचे वेष्टन कधी केरात टाकू देत नसत. देवाचे नाव आहे, पायाखाली यायला नको. त्यांच्या पश्चात कपाटात अशा वेष्टनांची एक थप्पी सापडली, रबर लावून ठेवलेली.

त्या वेष्टनांवर रंगाचे नाव मात्र नसते, नुसता क्रमांक असतो. शेड नंबर अमुक, लॉट नंबर तमुक. (लॉट नंबर पाहून घ्यावा. एकाच शेडचे दोन गुंडे वेगवेगळ्या लॉटचे असले तर पाठीवर पट्टा उठतो.) मराठीत रंगांना नावे द्यायला क्रमांक लागले नाहीत, कारण आपले निम्मे रंग ही वस्तूंचीच नावे आहेत. अबोली, केशरी, जांभळा, अंजिरी, डाळिंबी, आमसुली, लिंबू, बदामी ही झाडांची. पोपटी, मोरपंखी, पारवा ही पाखरांची. राखाडी चुलीचा, विटकरी भट्टीचा, शेवाळी विहिरीच्या काठचा. ज्याने ही नावे ठेवली त्यानेही रंग वस्तूशेजारी धरूनच पाहिला असणार.

ही नावे मला आईकडून मिळाली. माझे माहेर येवल्याचे. घराशेजारी पैठणीचे माग होते. आईच्या अंगावर रेशीम कधी आले नाही, पण मागावरचे रंग तिला तोंडपाठ असत. पुढे तिला काचबिंदू झाला. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे जोडीने घेतली जातात, पण त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते, ते बदलता येते. काचबिंदूत डोळ्यामागची नस झिजते, आणि त्यात गेलेली नजर कोणत्याही उपायाने परत येत नाही. बरे, तो दुखत नाही, खुपत नाही; कडेची नजर हळूहळू आटत जाते आणि माणसाला कळते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. आईला कळले तेव्हा एक डोळा जवळजवळ गेला होता. शेवटची आठ-नऊ वर्षे तिला उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नव्हते.

विणकाम तिने सोडले नाही. सुलट टाका कोणता आणि उलट कोणता, हे बोटांना कळते. निसटलेला टाका ती माझ्याआधी ओळखायची. रंगांसाठी तिने गाठींची खूण केली होती. गुंड्याच्या टोकाला एक गाठ म्हणजे लाल, दोन म्हणजे पिवळा, तीन हिरवा, चार निळा. मी माहेरी गेले की गाठी मारण्याचे काम माझ्याकडे असे. मी म्हणे, "हा निळा आहे, आई." त्यावर तिचा प्रश्न ठरलेला: "कोणता निळा?"

निळा म्हणून तिचे भागत नसे. अस्मानी, मोरपंखी, चिंतामणी, गोकर्णीच्या फुलाचा, रांजणातल्या पाण्यावर दिसतो तो? मला सांगता आले नाही तर ती गुंडा खिडकीशी न्यायला लावायची आणि बाहेरच्या कशाशी तो जुळतो ते विचारायची. लोकर वस्तूशेजारी धरून पाहायचा माझा नियम माझा नाहीच, हे शाल निम्मी झाल्यावर माझ्या लक्षात आले.

पहिले तीन महिने थंडीचे. कार्तिकात द्राक्षबागांचा ताजा हिरवा, बाजरीच्या सरमाडाचा फिका पिवळा, शेवंतीचा गडद पिवळा. मार्गशीर्षात तुरीची फुले. आमच्या जिल्ह्यात या दिवसांत निफाडच्या थंडीची बातमी रोज असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला, हे लोक सोन्याच्या भावासारखे वाचतात. फार गारठा पडला तर तयार होत आलेले मणी तडकतील या धास्तीने शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. एकदा एका नातलगांच्या शेतावर राहिलो होतो. पहाटे साडेपाचला बागेत धूर आणि धुके एकमेकांत असे मिसळले होते की कुठे कोणते संपते ते सांगता येईना. त्या दिवशी पारवा रंगाची ओळ घातली. पौषात उन्हाळ कांद्याची लागवड चालते. ओल्या काळ्या रानावर कांद्याची हिरवी काडी इतकी बारीक असते की रंग म्हणून काळाच नजरेत भरतो.

याच सुमारास मला रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती मोठी वलये दिसू लागली. सुईत दोरा ओवायला दोन दिवे लागू लागले. काळी लोकर आणि गर्द निळी लोकर यांतला फरक दिव्याखाली कळेनासा झाला, तेव्हा मात्र छातीत धस्स झाले. काचबिंदू घराण्यात उतरू शकतो. आई-वडिलांना असेल तर मुलांनी चाळिशीनंतर नियमाने डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्यावी, असे डॉक्टर सांगतात, आणि मी ते दरवर्षी करीत आले होते. मागचा तपास ठीक होता, हे कागदावर लिहिलेले होते. भीतीला कागद वाचता येत नाही. तपासणीच्या आदल्या रात्री मी अंधारात बसून डोळे मिटून दोन ओळी विणून पाहिल्या, वेगळ्या सुयांवर. जमल्या. रंग कोणाला विचारायचा, एवढाच प्रश्न उरला होता.

डॉक्टरांनी दाब मोजला, नस पाहिली, कडेच्या नजरेची चाचणी घेतली. अर्धा तास गेला. मग म्हणाले, "मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. बाकी काही नाही." 'मोतीबिंदू' हा शब्द ऐकून इतका आनंद झालेला रुग्ण त्यांनी क्वचितच पाहिला असेल.

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १५ फेब्रुवारी २०२५ ला ठरली. त्या दिवशीची ओळ, १०६ वी, सकाळी निघण्यापूर्वी घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि डॉक्टरांच्या खोलीतल्या खिडकीतून मला आकाश दिसले. मोतीबिंदूत भिंग नुसते गढूळ होत नाही, ते पिवळे पडत जाते, आणि पिवळ्या काचेतून सर्वांत जास्त मार बसतो तो निळ्याला आणि जांभळ्याला. हे वर्षानुवर्षे इतक्या सावकाश होते की काही हरवले आहे हेच कळत नाही. अंगणातल्या गोकर्णीचा वेल गेली काही वर्षे मला मळकट वाटे. वेल जुना झाला, असे मी म्हणत होते. घरी येऊन पाहिले तर निळा नुसता झगझगत होता. डावा डोळा झाकला की नवी गोकर्ण, उजवा झाकला की जुनी. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया महिनाभराने व्हायची होती. तोवर रोज सकाळी हा खेळ मी लहान मुलीसारखी खेळत होते. पांढरी साडी उजव्याला पांढरी दिसे आणि डाव्याला दुधात केशर पडल्यासारखी.

आणि मग शालीचा विचार आला. १०६ ओळी पिवळ्या काचेतून पाहून निवडल्या होत्या. त्या साऱ्या लबाड निघणार होत्या. भेटायला आलेल्या एका मैत्रिणीने लगेच सुचवले, उसवून टाक आणि नव्या डोळ्यांनी पहिल्यापासून विण. पण कार्तिक पुन्हा कुठून आणायचा? गेलेल्या दिवसाशेजारी लोकर धरता येत नाही.

दोन दिवसांनी, भर दुपारी, शाल गच्चीवर पसरली आणि नव्या डोळ्याने एकेक ओळ तपासली; अंतर्गत तपासणीला बसावे तशी. जपून ठेवलेली काही पाने होती, वाळलेले तुरीचे फूल होते, सरमाडाचे तुकडे होते, कांद्याच्या रानातल्या मातीची पुडी होती. आश्चर्य असे की बहुतेक ओळी बरोबर होत्या. सरमाडाची ओळ सरमाडाशी जुळत होती. मातीची ओळ मातीशी जुळत होती. मला काही उमगेना. खाली येऊन यजमानांना सांगितले. आमची पिढ्यान्‌पिढ्या आडत; ते वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, "त्यात काय? काटा खोटा असला तरी दोन्ही पोती त्याच काट्यावर तोलली असतील, तर पोती बरोबरीचीच भरणार."

अगदी तेच झाले होते. फूलही पिवळ्या काचेतून पाहिले आणि लोकरही. काचेने दोघांतून सारखेच कापून घेतले, तेव्हा मेळ बिघडला नाही. रंग कोणता आहे, हे मला नीट दिसत नव्हते. दोन गोष्टी सारख्या आहेत की नाहीत, हे दिसत होते. आठवणीने रंग निवडले असते तर मात्र सारी शाल चुकली असती, कारण आठवण जुन्या डोळ्याची आणि लोकर नव्या डोळ्याची, म्हणजे दोन वेगळे काटे. आईच्या खिडकीचा नियम इथे कामी आला.

फरक पडला तो जिथे दोन छटा माझ्या लेखी एक झाल्या होत्या तिथे. पौषातल्या धुक्याच्या ओळींपैकी काही शुभ्र होत्या, काही सायीच्या रंगाच्या. मला तेव्हा दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसत. अमावस्येच्या आसपासच्या एका ओळीत काळ्याऐवजी गर्द निळा आला होता. त्या तशाच ठेवल्या. खरे सांगायचे तर एकसारख्या पांढऱ्यापेक्षा ते धुके अधिक धुक्यासारखे दिसते.

क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने गवताच्या गंजी आणि रुआँच्या चर्चची दर्शनी बाजू वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या प्रहरी पुनःपुन्हा रंगवली होती. त्यालाही मोतीबिंदू झाला आणि १९२३ साली त्याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आपली काही चित्रे पाहून तो अस्वस्थ झाला आणि त्यांवर पुन्हा काम करू लागला, असे वाचले. चित्रकाराला ती मुभा असावी. रोजमेळ लिहिणाराला नसते.

पुढचा फाल्गुन मी प्रथमच पूर्ण पाहिला. पळसाला नेमका रंग मिळेना. केशरी धरला तर कमी पडे, शेंदरी धरला तर जास्त. शेवटी दोन्ही एकेक दिवस घातले. पळसाच्या आधी काटेसावरीची जाड लाल फुले येऊन गेली. पिंपळाची नवी पालवी तांब्याच्या भांड्यासारखी, आणि आठ दिवसांत हिरवी. ती आठ दिवसांची घाई ३६ वर्षांत मला कधी सापडली नव्हती, कारण ती अचूक मार्चअखेरीस येते. दोन्ही डोळे नवे झाल्यावर चैत्रात नीलमोहर पाहिला. रस्त्याच्या कडेला पडलेला सडा उचलून घरी आणला. त्या रंगाची लोकर माझ्याकडे नव्हती, कारण गेली दहा वर्षे असा रंग मी विकतच घेतला नव्हता. नाशिकमधल्या तीन दुकानांत फिरले. तिसऱ्या दुकानदाराने अकरा जांभळे आणि नऊ निळे काउंटरवर मांडले आणि फुले घेऊन आलेले गिऱ्हाईक पाहून पोराला चहा आणायला पाठवले.

वैशाखासाठी मी बहाव्याचा पिवळा, गुलमोहराचा लाल आणि मातकट रंगाच्या दोन लडी काढून ठेवल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. २०२५ चा मे महिना सर्वांच्या लक्षात असेल. उन्हाळ्याच्या ऐन भरात पाऊस सुरू झाला आणि थांबेना. मोसमी वारे २४ मे रोजी केरळात पोहोचले आणि २६ तारखेला मुंबईत. मुंबईत इतक्या लवकर ते नोंदींच्या इतिहासात कधी आले नव्हते. आमच्या भागात काढून ठेवलेला उन्हाळ कांदा शेतातच भिजला. आडतीवर सकाळपासून फोन वाजत होते आणि घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. ओल्या कांद्याचा एक वास असतो, ज्यांचा व्यवहार त्यात आहे त्यांना तो ठाऊक आहे. त्या पंधरवड्यात राखाडीवर राखाडी पडत गेली. एका दिवशी भिजून सडू लागलेल्या कांद्याचे साल हातात घेऊन लोकर शोधली. विटकरी आणि आमसुली यांच्या मधला, चमक गेलेला रंग. तो मिळाला, पण ती ओळ विणताना हात जड झाला होता. शालीवर मे महिना आता वेगळा शोधावा लागतो. जिथे लाल-पिवळे यायला हवे तिथे ढग आहेत आणि त्यांच्यामागे महिनाभर आधीच आलेला हिरवा.

हिरव्याने तर माझी परीक्षाच पाहिली. आषाढ ते भाद्रपद शंभराच्या घरात ओळी, आणि गजपंथाच्या टेकडीवर रोज नवा हिरवा. पोपटी, मेंदी, शेवाळी. पाऊस थांबल्यावरचा काळपट. उन्हाची तिरीप आल्यावरचा लिंबू. यजमान म्हणत, सगळा हिरवाच तर आहे, एकदाच काय ते विणून टाक. श्रावणानंतर ब्रह्मगिरीच्या वाटेवर तेरडा आणि सोनकी पाहिली आणि डोळ्यांना बदल मिळाला: एका उतारावर गुलाबी, शेजारच्या उतारावर पिवळा.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ३५४ वी ओळ झेंडूची घातली आणि टाके बंद केले. शाल उलटी करून पाहिली तर एक गोष्ट दिसली, जी सुलट बाजूने दिसत नाही. पुढून प्रत्येक दिवस सरळ रेषेत संपतो. मागच्या बाजूला मात्र प्रत्येक ओळीत आदल्या दिवसाचे ठिपके उतरलेले असतात. विणीचा धर्मच आहे तो. नवा टाका जुन्याच्या पोटातून निघतो. १६ फेब्रुवारीच्या निळ्या ओळीत १५ तारखेचे मळके पिवळे ठिपके आहेत, एकूण १८०.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला नवे टाके घातले. या खेपेला हिशेब बदलावा लागणार आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून २०२६. त्यामुळे दिवाळी ते दिवाळी ३८४ दिवस होतात आणि शाल ३० ओळींनी वाढते. म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर, आणि लोकर चाळीस ग्रॅम जास्त. त्या महिन्याचा रंग आत्ता सांगता येणार नाही. तरतूद म्हणून गुलमोहराच्या लालाची एक लड आणि ढगांच्या राखाडीची एक, अशा दोन्ही आणून ठेवल्या आहेत. राखाडी जरा जास्तच घेतली आहे.